ओक्रेची दाढ

भाजी चाखायची असली की ओक्रे ती डाव्या दाढेखाली धरायची. पालक कालवून झाला की दोन पानं तोंडात, थोडं चावायचं, मान एकदा हलवायची आणि मग शेजारच्या भांड्यात थुंकायचं. मीठ तिला पोटात जाऊ द्यायचं नव्हतं. त्या आठवड्यात ती उजवीकडे चावायला लागली. मी समोरच लसूण सोलत बसलो होतो, म्हणून माझ्या लक्षात आलं. पण मी विचारलं नाही. विचारलं की ती "काही नाही" म्हणणार, आणि एकदा "काही नाही" म्हणाली की ते मागे घेणार नाही.

कोरियाच्या दक्षिणेला, कांगजिनच्या बाजारात आमचं तोंडीलावण्यांचं दुकान होतं. दुकान तिचं. मी जन्मभर खेड्यापाड्यांच्या बसवर ड्रायव्हर होतो. निवृत्त झालो आणि तिच्या हाताखाली लागलो. मुळे धुवायचे, लसूण सोलायचा, घरोघरी डबे पोचवायचे. कालवायचं काम तिने मला कधी दिलं नाही. आमच्याकडे चव हाताची असते असं मानतात, आणि हात उघडा पाहिजे. "तुमच्या हाताला डिझेलचा वास येतो," असं ती म्हणायची. बस सोडून किती वर्षं झाली तरी तेच.

तिचं लिव्हर खराब झालं होतं. दारूचा काही संबंध नाही, ती घोटभरसुद्धा घेत नसे. बी प्रकारच्या काविळीचा विषाणू तिच्या अंगात जन्मापासून होता, आईकडून आलेला. इतकी वर्षं त्याने काही कळू दिलं नाही. कळलं तेव्हा पोटात पाणी भरायला लागलं होतं आणि पाय सुजत होते. ग्वांगजूच्या मोठ्या हॉस्पिटलात मिन डॉक्टरबाईंनी आम्हाला फोटो दाखवला. लिव्हर आकसून लहान झालंय आणि टणक झालंय, असं त्या म्हणाल्या. गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं. आणि निघताना दारापर्यंत येऊन सांगितलं, "यांचं रक्त लवकर थांबणार नाही. कुठे काही कापायचं, टोचायचं, दात काढायचा असला, तर आधी मला फोन."

परतीच्या बसमध्ये ओक्रे खिडकीबाहेर बघत होती. मग नेहमीसारखी लेकीच्या नावाने हाक मारत म्हणाली, "आरानचे बाबा, जन्मभर तुम्ही मला भित्री म्हणालात. आता डॉक्टरांनी फोटो काढून सिद्ध केलं. माझं काळीज लहान आहे म्हणे."

डॉक्टर लिव्हर म्हणतात. आम्ही बाजारातली माणसं काळीज म्हणतो, खाटकाकडे मागतो तेच. आणि माणूस घाबरला तरी आमच्याकडे म्हणतात, काळीज वाटाण्याएवढं झालं. ती हसली म्हणून मीही हसलो. मागच्या सीटवरचा माणूससुद्धा हसला. त्याला वाटलं नवराबायकोची थट्टा चाललीय.

बाजारात कोणालाही हे सांगायचं नाही, हे तिने त्याच बसमध्ये ठरवलं. हा आजार जेवणातून पसरत नाही, रक्तातून पसरतो, असं मिन डॉक्टरबाईंनी आम्हाला दोनदा समजावलं होतं आणि आम्ही ते नीट ऐकलं होतं. पण बाजार काही मिन डॉक्टरबाईंकडे जात नव्हता. काविळीच्या बाईने उघड्या हाताने कालवलेली भाजी कोण नेणार? त्यातून चुसॉकचा सण तोंडावर आलेला. सणाच्या सकाळी प्रत्येक घरात पितरांचं पान मांडतात, आणि त्या पानातल्या भाज्यांची ऑर्डर निम्म्या गावाने ओक्रेकडे दिलेली.

दाढेचं मी विचारलं नाही तरी दोन दिवसांत गालच बोलायला लागला. सकाळी ती गालाला पंचा बांधून दुकानात आली.

"गालात बटाटा ठेवलायस का गं?" समोरून वान्दोवालीने विचारलं. ती वान्दो बेटावरची, म्हणून सगळे तिला तेच म्हणतात. सुकी मासळी आणि समुद्री शेवाळ विकते, आणि तिचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जातो.

"दाढ आहे," ओक्रे म्हणाली.

"मग काढून टाक! वर गुक डॉक्टर बसलाय कशाला?"

मी ओक्रेच्या कपाळाला हात लावला. ताप होता. मी म्हटलं, "मिन डॉक्टरबाईंना फोन करतो."

"दाढेसाठी ग्वांगजू? आणि या भाज्या काय तुम्ही कालवणार?"

"सण गेला खड्ड्यात."

"पितरांसमोर असं बोलू नका." ती मुळ्याच्या पातेल्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "गुक डॉक्टरकडे जाऊ. दाढ काढून लगेच खाली येऊ. पण तुम्ही तोंड उघडायचं नाही. त्याची आई माझ्याकडून पितरांच्या भाज्या नेते. त्याला कळलं की आईला कळणार, आईला कळलं की देवळातल्या सगळ्या बायकांना. ऐकताय ना?"

मी "हूं" म्हटलं. आमच्या संसारात "हूं" म्हणजे वचन की नाही, हे कधी ठरलं नव्हतं.

गुक डॉक्टरांचा दातांचा दवाखाना बाजाराच्या तोंडाशी, शिवणयंत्रांच्या दुकानावर आहे. जिना चढताना ती दोनदा थांबली. मी जिन्यावर मनातल्या मनात म्हणत होतो, वर गेल्यावर त्यांनी विचारू दे. ते विचारतील, तिला सांगावं लागेल, मला बोलावं लागणार नाही. दारात चपला काढून दवाखान्याच्या सपाता घालायच्या असतात. तिचे पाय इतके सुजले होते की सपाता शिरेनात. तिने टाचा बाहेरच ठेवल्या.

काउंटरवरची मुलगी उठून उभी राहिली. "ओक्रे मावशी! या, या. मागे तुमच्या दाताला टोपी बसवली होती ना आम्ही? तुमची सगळी जुनी नोंद आहे माझ्याकडे. बाकी आजारबिजार काही नाही ना?"

"दाढ दुखतेय गं," ओक्रे म्हणाली.

मुलीला तेवढं पुरलं. मी भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत उभा राहिलो.

बाकावर माणसं होती. आमच्या मागोमाग वान्दोवालीही आली. "माझी कवळी सैल झालीय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. कवळी तिच्या तोंडात घट्ट बसलेली मला दिसत होती.

उपचाराची खुर्ची आणि बाहेरची बाकं यांच्यामध्ये नुसता पातळ आडोसा. मला आत उभं राहू दिलं. गुक डॉक्टर गोल अंगाचे, सतत बोलणारे. पेशंटला घाबरायला वेळच मिळू नये म्हणून ते बोलतात, असं लोक म्हणतात.

"मावशी, आई म्हणते तुमच्या मुळ्याशिवाय चुसॉक होत नाही. आणि तुम्हीच गाल फुगवून बसलात?" त्यांनी फोटो काढला, दिव्याशी धरला. "मुळाशी पू धरलाय. दाढेत आता जीव नाही. काढून टाकू. पालकाची जुडी निवडता ना, तेवढा वेळ."

मुलीने ट्रे आणला. त्यावर सुई होती, आणि चिमटे. गुक डॉक्टरांनी सुई उचलली, उजेडात धरून एक थेंब उडवला. ओक्रेने खुर्चीचे हात पकडले होते. तिची नखं मला पिवळी दिसली. आता कोणी विचारणार नव्हतं. विचारायचं सगळं विचारून झालं होतं.

तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टर, माझं काळीज लहान झालंय."

गुक डॉक्टर हसले. "या खुर्चीत सगळ्यांचंच होतं, मावशी! परवा आपला खाटीक आला होता. रोज डुकरं कापतो. सुई बघून ढसाढसा रडला. तुमचं वाटाण्याएवढं झालं असेल, त्याचं तर तिळाएवढं झालं होतं. आ करा."

मुलगी हसली. आडोशाबाहेर वान्दोवाली हसली.

ओक्रे हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं, ते मी आजही सांगू शकत नाही. बोलू नका, असं असेल. बोला, असंही असेल. मग तिने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

बस चालवताना समोर कोणी आलं तर ब्रेक दाबू का, असा विचार करायला वेळ नसतो. पाय जातो. तसा माझा आवाज गेला, आणि तोही मागच्या सीटपर्यंत पोचणारा ड्रायव्हरचा आवाज.

"थांबा! डॉक्टर, ती घाबरलेली नाहीये! तिचं काळीज खरंच लहान झालंय. ग्वांगजूला फोटो काढलाय. बी काविळीने टणक झालंय, पोटात पाणी आहे. रक्त थांबत नाही तिचं!"

बाहेर टीव्ही चालूच होता. गुक डॉक्टरांचा हात तिच्या ओठांपाशी थांबला होता.

"सिरॉसिस?" त्यांनी विचारलं.

"तेच."

त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे लांब सरकवला. मग हातमोजे काढले. त्यांचा चेहरा उतरला होता. "प्लेटलेट किती आहेत?"

मला माहीत नव्हतं.

"रक्त कधी तपासलं शेवटचं?"

"उन्हाळ्याच्या सुरुवातीला."

"दुखण्यावर गोळी घेतलीय काही?"

"नाही," मी म्हटलं.

आडोशापलीकडून आवाज आला, "मी दिल्या! चार! नाही, पाच!"

"कसल्या गोळ्या?" गुक डॉक्टरांनी आडोशाकडे बघत विचारलं.

"गुडघ्याच्या! माझ्या गुडघ्याच्या, मोठ्या, पांढऱ्या! तिला दुखत होतं, मी काय बघत बसू?"

"मावशी, त्या गोळ्यांनी रक्त आणखी थांबत नाही. किडनीलाही त्रास होतो. लिव्हरच्या पेशंटला त्या विषासारख्या."

"मला काय माहीत!" वान्दोवाली आडोशाच्या टोकाशी येऊन उभी राहिली. तिचा आवाज फुटला होता. "मला कोणी सांगितलं का? समोरासमोर दुकान आहे आमचं. रोज तोंड बघतो एकमेकींचं. मला कोणी सांगितलं?"

ओक्रेने डोळे उघडले नाहीत.

गुक डॉक्टरांनी ग्वांगजूला फोन लावला. मिन डॉक्टरबाई ओपीडीत होत्या, निरोप ठेवला, आणि आम्ही थांबलो. खुर्ची सरळ केली तरी ओक्रे तिच्यातच बसून राहिली. गुक डॉक्टर त्यांच्या चाकाच्या स्टुलावर बसले. आता ते बोलत नव्हते, आणि ते बोलत नाहीत याचीच मला जास्त भीती वाटली.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मी ओढली असती, मावशी. संध्याकाळी तुम्ही रक्त गिळत बसला असता आणि मी घरी जेवत असतो. मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं की."

"कधी?"

"आत्ता. काळीज लहान झालंय म्हणाले मी. तुम्ही खाटकाची गोष्ट काढलीत."

तेवढ्यात फोन वाजला.

मिन डॉक्टरबाईंनी सगळं सांगितलं आणि गुक डॉक्टरांनी ते एकेक करून आम्हाला सांगितलं. दाढेला इथे हात लावायचा नाही. पू पसरू नये म्हणून एक औषध आजच सुरू करायचं, तेही त्या म्हणाल्या तेच. गुडघ्याच्या गोळ्या बंद. दुखलं तर तापाची साधी गोळी, पण इतरांच्या निम्मीच, आणि दिवसभरात किती हे ठरवून. उद्या सकाळच्या पहिल्या बसने ग्वांगजू, भरती व्हायच्या तयारीने. "आणि काका, त्या काही वेड्यासारखं बोलायला लागल्या, झोपेत असल्यासारख्या वाटल्या, दिवस की रात्र कळेना, तर उद्याची वाट बघू नका. पू रक्तात गेला की अशा माणसाचं डोकं आधी फिरतं."

आम्ही जिना उतरेपर्यंत बाजाराला कळलं होतं. ओक्रेने दुकानावर ताडपत्री ओढली. माझ्याशी बोलली नाही. घरी तिने ताटं पुसली, कपडे घड्या घातले, पिशवी भरली आणि माझ्याशी बोलली नाही. मला कळेना की ती रागावलीय की तिचं डोकं फिरायला लागलंय. शेवटी मी विचारलं, "अगं, मुळ्याच्या किमचीत आधी काय घालतेस? मीठ की तिखट?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की डोकं ठिकाणावर आहे याची खात्री पटली.

सकाळी बसमध्ये, अर्ध्या वाटेवर, ती बोलली. "कुजबुजता आलं नसतं?"

"काय?"

"डॉक्टरांच्या कानात सांगायचं. जन्मभर बस चालवलीत तसं ओरडलात."

"सुई तोंडात चालली होती."

"सुई थांबवता येते. वान्दोवालीला कोण थांबवणार?"

मी म्हटलं, "मग तू का हसवलंस त्यांना? सरळ सांगायचंस."

"मी सरळच सांगितलं," ती म्हणाली आणि पंचा पुन्हा गालाला बांधला. आमचं हे भांडण पुढेही चालत राहिलं. ती म्हणायची मी सांगितलं होतं, मी म्हणायचो तू थट्टा केलीस. ते मिटलं नाही आणि आता मिटणारही नाही.

हॉस्पिटलात लिव्हरचा मजला वेगळा आणि दातांचा वेगळा. दातांच्या मजल्यावर म्हणाले, आधी लिव्हरवाल्यांनी रक्त बघून सांगू दे. लिव्हरच्या मजल्यावर म्हणाले, दाढ कशी काढणार ते आधी दातवाल्यांनी सांगू दे. मी दोन मजल्यांमध्ये लिफ्टने जात राहिलो आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की मला वाटायचं आता तिला काहीतरी झालेलं असेल. शेवटी मिन डॉक्टरबाई स्वतः दातांच्या मजल्यावर आल्या. तिथल्या युम डॉक्टर, किरकोळ बांध्याच्या तरुण बाई, त्यांच्याशी उभ्याउभ्या बोलल्या. रक्त फार पातळ होतं. प्लेटलेट कमी. त्या आधी द्यायच्या, आणि त्या अंगात असतानाच लगेच दाढ काढायची, असं ठरलं.

प्लेटलेटची पिशवी पिवळसर होती, निवळलेल्या सोयाच्या पाण्यासारखी. ओक्रे पलंगावर पडून तिच्याकडे बघत होती. "लोकांचं रक्त लाल, मला पिवळं," ती म्हणाली.

"झोपवून काढता येणार नाही का?" मी युम डॉक्टरांना विचारलं. तिला दुखू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"नाही, काका. झोपेचं औषध यांच्या लिव्हरला पचत नाही. मग ते डोक्यात चढतं. फक्त दाढेपाशी बधिर करायचं, तेही कमीत कमी." मग त्या ओक्रेकडे वळल्या. "मावशी, शेजारचा दातही खराब आहे. पण आज एकच. जखम एक, लक्ष एकीकडे."

"दोन्ही काढा ना. पुन्हा कोण येणार?"

"मी म्हणते एकच."

"तुमची आई तुमच्याशी कशी वागत असेल कोण जाणे," ओक्रे म्हणाली. युम डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांच्या हातांना काम सुरू करायचं होतं.

मला बाहेर बसवलं. आतून खुडबुडीचा आवाज आला, मग काहीच आला नाही. बाहेर आणली तेव्हा तिच्या तोंडात बोळा होता. दाढेच्या खड्ड्यात रक्त धरणारा कसलासा स्पंज भरला होता, वरून टाके घातले होते आणि औषधात भिजवलेल्या बोळ्यावर दात दाबून ठेवायला सांगितलं होतं. थुंकायचं नाही. चूळ भरायची नाही. नळीने प्यायचं नाही. मी पलंगाशेजारच्या बुटक्या बाकड्यावर बसलो आणि बोळ्याच्या कडेकडे बघत राहिलो. कड पांढरी होती. मग गुलाबी. मी स्वतःला म्हटलं गुलाबी चालतं, नर्स म्हणाली होती गुलाबी चालतं.

तेवढ्यात मला तिचे डोळे जड वाटले.

"ओक्रे, काकडीला मीठ किती वेळ लावून ठेवायचं?"

ती काही बोलू शकत नव्हती. तिने हाताने मला मारायची खूण केली.

"सांग ना. बोटांनी सांग. बारीक सुकी मासळी परततेस तेव्हा साखर कधी? आधी की नंतर?"

ती उठून बसली आणि बोळ्यामागून, जबडा न हलवता, बोलली, "मी मेल्यावर दुकान चालवायचंय ना तुम्हाला? म्हणून विचारताय."

"नाही गं. डोकं ठीक आहे का बघतोय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने एक बोट मागे केलं. नंतर. साखर नंतर.

संध्याकाळच्या जेवणाची गाडी मजल्यावर फिरायला लागली तेव्हा बोळ्याची कड लाल झाली. आधी मला वाटलं दिव्यामुळे दिसतंय. मग लाल ओघळ ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आला. मी घंटा दाबली आणि थांबलोच नाही, व्हरांड्यात पळत सुटलो. ताटांच्या गाडीला धडकलो. कोणीतरी शिव्या दिल्या. युम डॉक्टर घरी जायच्या बेतात होत्या, कोट अंगात घातलेला. तशाच आल्या. बोळा काढला. खड्ड्यातून रक्त झिरपत होतं. त्यांनी नवा बोळा औषधात भिजवला, खड्ड्यावर ठेवला आणि स्वतःच्या बोटाने दाबून धरला.

त्या तशाच उभ्या राहिल्या. बोट तिच्या तोंडात, दुसरा हात तिच्या हनुवटीखाली. नर्सने आणखी रक्त तपासायला घेतलं. मिन डॉक्टरबाईंना फोन गेला, दुसरी पिशवी तयार ठेवायला सांगितली. ओक्रे रडत नव्हती. तिचे डोळे छताला लागले होते आणि छातीवरचा गाऊन थाडथाड हलत होता. मी तिच्या पायाला धरून उभा होतो कारण दुसरीकडे कुठे उभं राहायला जागा नव्हती. सुजलेल्या पायावर माझ्या बोटांचे खळगे पडले आणि ते भरून येत नव्हते.

शेजारच्या पलंगावरची म्हातारी म्हणाली, "जेवून घे रे बाबा, ताट थंड होतंय." मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

युम डॉक्टरांनी बोट काढलं, बघितलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा काढलं. वाकून बराच वेळ बघितलं. "थांबलं," त्या म्हणाल्या. त्यांचं बोट पांढरं पडलं होतं आणि ते सरळ होईना, त्या दुसऱ्या हाताने ते चोळत होत्या. कोट तसाच अंगात होता.

दुसरी पिशवी लागली नाही. दोन दिवसांनी आम्हाला घरी पाठवलं, टाके आपोआप विरघळतील म्हणून सांगितलं, आणि घरी ओक्रेने पातळ पेज, तीही गार करून, तोंड वेडंवाकडं करत खाल्ली.

चुसॉकच्या ऑर्डरी निम्म्या राहिल्या. कोणी तोंडावर काही बोललं नाही. "या वर्षी सून घरीच करते म्हणाली," असं म्हणायचे. गुक डॉक्टरांची आई स्वतः आली. म्हातारी थोडा वेळ भाज्या बघत उभी राहिली आणि मग म्हणाली, "मुलाने समजावलंय मला, खाण्यातून होत नाही म्हणून. पण पितरांना कोण समजावणार? हातमोजे घालशील का?" ओक्रेने हातमोजे घातले. कालवून दिलं, पैसे घेतले, म्हातारी गेल्यावर मोजे काढून फेकले. "रबराची चव लागेल पितरांना," ती म्हणाली.

आणि जी गिऱ्हाईकं तुटली नाहीत त्यांनी औषधं आणायला सुरुवात केली. नदीतल्या शंखांचा काढा. कसल्या झाडाच्या सालीचं काळं पाणी. वान्दोवालीने तर हुमणीच्या किड्यांची पूड आणली, बेटावरून खास मागवून. "काळजाला याच्यासारखं काही नाही. माझा चुलता उठून बसला होता." मिन डॉक्टरबाईंनी असलं काहीही पोटात जाऊ द्यायचं नाही अशी तंबी दिलेली. ओक्रे सगळं दोन्ही हातांनी घ्यायची, आभार मानायची, गल्ल्याखाली ठेवायची. वान्दोवाली जेवायला गेली की मी ते गटारात ओतायचो आणि ओक्रे वाटेवर नजर ठेवायची. "लवकर ओता, ती आली!" त्या दिवसांत ती माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखं बोलायला लागली.

ओक्रे गेली ती त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात. अन्ननलिकेतली फुगलेली शीर फुटली. दाताचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण बाजारात अजून कोणी ना कोणी म्हणतं, दात काढला आणि बाई गेली. आणि मग ज्याला लिव्हरचा त्रास आहे असा एखादा माणूस दात किडला तरी घरी बसून राहतो. मी ऐकलं की मध्ये पडतो. सांगतो की दात काढून ती जगली होती. लोक मान हलवतात. त्यांना पटतं की नाही ते माहीत नाही.

शेजारचा तो दुसरा दात मधल्या वसंतात दुखायला लागला. या वेळी तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. आम्ही जिना चढलो. बाकं भरलेली होती. काउंटरवरची मुलगी तिला बघून उठली.

"बस," ओक्रे तिला म्हणाली. "लिही. लिव्हर सिरॉसिस. बी काविळीमुळे. प्लेटलेट कमी. रक्त लवकर थांबत नाही. गुडघ्याच्या गोळ्या चालत नाहीत, झोपेच्या चालत नाहीत. ग्वांगजूच्या मिन डॉक्टरबाईंना विचारल्याशिवाय काही करायचं नाही. लिहिलंस? वाचून दाखव."

मुलगी वाचून दाखवायला लागली. बाकावरच्या एका माणसाने हळूच आपली पिशवी उचलली आणि पलीकडे सरकला. ओक्रेने ते बघितलं.

"बसा हो," ती त्याला म्हणाली, "दाढ काढून घ्यायला आलेय, चावायला नाही."

कोणीतरी हसलं. तो माणूस लाल झाला आणि होता तिथेच बसला. आतून गुक डॉक्टर बाहेर आले, हातात फोन घेऊनच.

ओक्रे माझ्याकडे वळली. "तुम्ही खाली जा."

"मी थांबतो ना."

"दुकान उघडं टाकून आलोय आपण. जा. मी बोलते."

मी खाली आलो. तिच्या बुटक्या स्टुलावर बसलो. मला वर काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. शिवणयंत्राच्या दुकानातून खटखट येत होती. गुक डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की तिने त्यांना सगळं सांगितलं. पायांची सूज, शेवटचे आकडे, मागच्या वेळी जेवणाच्या वेळेला रक्त कसं सुटलं ते, युम डॉक्टरांचं नाव. तिने काही म्हणजे काही लपवलं नाही.

एक बाई आली आणि पालक मागायला लागली. पालक उकडून पिळून ठेवलेला होता, पण कालवलेला नव्हता. मी हात धुतले. मग तेलाच्या बाटलीकडे बघितलं आणि हात पुसून टाकले.

"मावशी कुठे गेल्या?" बाईने विचारलं.

"वर आहे," मी म्हटलं. "डॉक्टरांशी बोलतेय. थांबा, येईल इतक्यात."